बॉनेट न उघडता

वडूजहून ठाण्याला जाऊन आलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. तलाव पाहिले का, आणि मुलगी पाहिली का? मी दोन्ही पाहिलं. पण तलाव पाहिले ते जाता जाता, आणि मुलगी पाहिली ती मोटारींच्या मधून डोकावून. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. हायस्कुलातल्या शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत तुकड्यातुकड्यांनी सांगून माझा घसा बसला आहे, म्हणून आता एकदाच सगळी लिहून काढतो.

स्थळ मामांनी आणलं होतं. मुलगी शिकलेली, नगरपालिकेच्या शाळेत शिकवते, वडील ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदार, घराणं सज्जन. "वडलांना मोटारींचा थोडा नाद आहे, बाकी काही नाही," मामा म्हणाले. मामांच्या तोंडून 'थोडा' हा शब्द आला की सावध व्हावं. मागे एका सोयरिकीत त्यांनी नवऱ्या मुलाला 'थोडा दमा' सांगितला होता, आणि मंगलाष्टकं भटजींपेक्षा त्याच्या धापांनीच जास्त गाजली होती.

ठाणे

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग विचारपूस. नौपाड्यात मुलीचे वडील नानासाहेब टिपणीस यांच्या दारात मी बॅग टेकवली तर ते टोपी घालून बाहेरच पडत होते. मला पाहून म्हणाले, "आलात? छान. पाय मागाहून धुवा. नाशिकच्या गाड्या सुटायची वेळ झाली आहे."

मला वाटलं, कुणाला तरी पोचवायला निघालेत. मीही मागोमाग गेलो. आग्रा रोडला लागून एक चहाचं दुकान होतं. त्याच्यापुढच्या बाकांवर पाचसहा प्रौढ माणसं रस्त्याकडे तोंड करून, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी बसली होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुंबईकडून एखादी मोटार यायची, नाशिककडे जायची. साधी गाडी असली तर कुणी मानसुद्धा हलवत नसे. एवढ्यात लांब नाकाची, मोठ्या दिव्यांची, धाप लागलेली एक जुनी गाडी आली आणि सगळा बाक उभा राहिला. ती वळणाआड गेली आणि जो गदारोळ सुरू झाला तो दिवेलागणीपर्यंत चालला. गाडी कसारा घाट चढून गेली असेल, तरी इथे तिच्या मडगार्डावरून लोक एकमेकांचं शिक्षण काढत होते.

हे ठाण्याचं मोटार-ओळख मंडळ. दुर्मिळ मोटार ओळखायची, एवढाच यांचा उद्योग. यांच्यापैकी कुणाकडेही मोटार नाही. नानासाहेब कोर्टात चालत जातात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ढवळे वकील सायकलवरून. ज्याच्या दारात मोटार आहे त्याला मंडळात घेतच नाहीत, कारण त्याची दृष्टी एकाच गाडीत अडकते असं यांचं म्हणणं. मंडळाचा मुख्य नियम असा की गाडीवर लिहिलेलं नाव वाचायचं नाही आणि बॉनेट उघडायचं नाही. अंगलटीवरून ओळखायचं. "नाव वाचून ओळखायचं तर पोस्टमनला बोलावीन की," नानासाहेब म्हणाले. समोरून येणाऱ्या गाडीच्या नाकावर नाव चमकलं की सगळे सभासद, सासरा ओसरीवर आला की सून फिरवते तसं, चटकन तोंड फिरवत.

मग माझी परीक्षा झाली. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून. घुर्र घुर्र करत काहीतरी गेलं.

"बोला," नानासाहेब म्हणाले.

"मोटार," मी म्हणालो.

"कोणती?"

मला काहीतरी बोलणं भाग होतं. "काळी," मी म्हणालो.

मी डोळे उघडले. गाडी खरोखरच काळी होती. ढवळे वकिलांनी माझ्याकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. "आवाजावरून रंग! नाना, मुलगा कच्चा आहे, पण जात्याच काहीतरी आहे हो याच्यात."

त्या रात्री पापलेटाचं कालवण होतं. वडूजला आम्ही मासा पाहतो तो भूगोलाच्या पुस्तकात, त्यामुळे मी जेवणाकडे नीट लक्ष दिलं. नानासाहेबांनी मात्र माझ्याआधीच्या स्थळाची गोष्ट सांगितली. दादरचा इंजिनियर, चांगला पगार, दिसायला देखणा. "लँचेस्टरला डेमलर म्हणाला! असा माणूस उद्या बायकोला मेहुणी म्हणेल. मी पान वाढायच्या आत त्याला स्टेशनवर पोचवला." ओळखता न येणाऱ्याला या घरातून मुलगी मिळणार नव्हती, हे उघड झालं.

हात धुवायला मागच्या ओट्यावर गेलो तर तिथे कुमुद, म्हणजे मी पाहायला आलो होतो ती मुलगी, उभी होती. जेवताना तिने मला दोनदा वाढलं होतं, आणि दोन्ही वेळा नेमकं हवं तेवढंच वाढलं होतं. मला ती आवडली होती, हे सरळ सांगून टाकतो.

"तुम्हाला मोटारींमधलं खरंच काही कळत नाही?" तिने विचारलं.

लाज वाटली, पण खोटं बोलवेना. "काही नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. काळी हा अंदाज होता."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मग बरं. नाहीतर बाबांनी होकार दिला तरी मी देणार नव्हते. आईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय, मुलीच्या मनाविरुद्ध काही नाही. अहो, आमच्याकडे आमटी वाढता वाढता मी गिअरबॉक्सच ऐकत मोठी झाले. आता जाईन त्या घरात माणसांविषयी बोलणारी माणसं हवीत मला."

ती आत गेली आणि मी ओट्यावर बसून राहिलो. गाडी ओळखावी तर मुलगी नाही म्हणणार, न ओळखावी तर बाप. मामांनी हे काही सांगितलं नव्हतं.

कल्याण, विठ्ठलवाडी

दुसऱ्या दिवशी स्वारी कल्याणला निघाली. ढवळे वकिलांचा एक पक्षकार खाडीकाठचा शेतकरी होता. त्याने बोलता बोलता सांगितलं होतं, की गोठ्यात लढाईच्या दिवसांपासून एक मोठी मोटार उभी आहे आणि ती कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. एवढं ऐकल्यावर मंडळाला झोप कुठली! कल्याणला नानासाहेबांच्या बहिणीकडे मुक्काम ठरला आणि आत्याकडे जायचं म्हणून कुमुदही बरोबर आली. नानासाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या गोठ्यात तुमची खरी परीक्षा. मी विचारीन तेव्हा बोलायचं."

कल्याणच्या आत्यांनी सोड्यांची खिचडी केली होती. वाळवलेल्या कोळंबीची खिचडी असते हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे खिचडी आजारी माणसाला घालतात, ही खिचडी खाऊन माणूस आजारी पडेल इतकी चविष्ट होती. मी तिसऱ्यांदा वाढून घेतली. आत्या कुमुदला म्हणाल्या, "खाणारा आहे गं," आणि कुमुद खाली मान घालून हसली. मला तेवढ्याने धीर आला.

दुपारी वेळ होता म्हणून वकिलांनी विठ्ठलवाडीकडे नेलं. तिकडे सिंधी निर्वासितांची नवी वस्ती. पत्र्याच्या दुकानांतून पापड, लोणची, कापड, सगळं झपाट्याने विकलं जातं. आमच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत डुलक्या घेतो, इथे गिऱ्हाइकाला डुलकी घ्यायला सवड मिळत नाही. एका पापडवाल्याने गिऱ्हाइकांना बसायला लाल चामड्याचं लांब आसन मांडलं होतं. नानासाहेब थबकले. "ही बैठक मोटारीची आहे," ते पुटपुटले आणि रस्त्यातच गुडघे टेकून आसनाची शिवण तपासू लागले. वकीलही वाकले. दोघांनी आळीपाळीने चामड्याचा वास घेतला. एक बाई बसली होती, तिला त्यांनी नम्रपणे थोडं सरकायला सांगितलं आणि ती सरकली त्या जागेचाही वास घेतला.

भोवती गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं चोरीचा माल सापडला, कुणी म्हणालं सरकारी साहेब आलेत. पापडवाला मात्र शांत होता. "अरे साईं, बैठने की चीज है, बैठो," तो म्हणाला, "सूंघते क्यों हो? सूंघना है तो पापड सूंघो." त्याने आम्हां तिघांना एकेक भाजलेला पापड दिला आणि वर पाणीही पाजलं. सगळं गाव मागे टाकून आलेला तो माणूस आमच्या असल्या वेडेपणाला हसत पापड भाजत होता, ते पाहून मला ओशाळल्यासारखं झालं. बैठक कुठल्या गाडीची, यावर दोघांचं एकमत झालं नाही.

खाडीकाठी

गाव डोंबिवलीच्या बाजूला, मिठागरांच्या पलीकडे. पुढच्या सकाळी आम्ही तिघं आणि हट्टाने बरोबर आलेली कुमुद निघालो, बैलगाडीने बांधापर्यंत आणि पुढे पायी. आमच्या माणदेशात पाणी शोधायला खाली जावं लागतं, इथे पाणी माणसाला शोधत शेतात येतं. बांधाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला मिठाचे पांढरे ढीग, असलं दृश्य मी प्रथमच पाहिलं आणि नुसता बघत राहिलो.

वकिलांच्या त्या पक्षकाराने, जोमा पाटलांनी, आम्हाला गोठ्यात नेलं. आणि तिथे ती होती. पेंढ्यात अर्धी बुडालेली, राजवाड्याच्या दरवाजाएवढी. चालकाच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि पुढच्या आसाला म्हैस बांधलेली होती. जुन्या गाडीच्या पाणीटाकीवर पुढे काहीतरी मूर्तीसारखं बसवलेलं असतं म्हणतात. इथे त्या जागी नुसतं भोक होतं. पण पाणीटाकीच्या कपाळावर नावाची पितळी पाटी असावी, कारण वकील आत शिरले ते चेहऱ्यावर हात धरूनच, आणि ओरडले, "झाका, झाका!" माझ्या खांद्यावर पंचा होता. तो मी तोंड फिरवून पाटीवर टाकला. मग सर्वांनी डोळे उघडले.

"ही कशी आली तुमच्याकडे?" नानासाहेबांनी विचारलं.

"लढाईचे टायमाला एक डायवर आला व्हता," पाटील म्हणाले. "बोलला, पेट्रोल घेवून येताव. तो गेला तो गेलाच. दुसऱ्याची ठेव हाय, विकू कशी? दर दसऱ्याला धुताव, झेंडूचा हार घालताव. येल तवा घेवून जाल."

ढवळे वकिलांनी कोट सावरला आणि उलटतपासणी सुरू केली. "पाटील, नीट आठवून सांगा. गाडी इथे आली तेव्हा तिचा आवाज कसा होता?"

पाटलांनी पुष्कळ विचार केला. "आवाज नव्हता."

"पाहा नाना! एवढी शांत चाल! डेलाजच ही."

"पेट्रोल नव्हता ना," पाटील म्हणाले. "आमचे बैलांनी वढून आनली."

नानासाहेब गाडीभोवती एक फेरी मारून, पाटलांच्या घरात पाणी पिऊन आले, आणि आल्या आल्या म्हणाले, "लँचेस्टर." वकील म्हणाले डेलाज. इथून जी जुंपली ती विचारू नका. चाकांचे आरे, दाराची कडी, पायरीचा उतार, एकेका गोष्टीवर पुरावे आणि हरकती. मध्येच म्हशीने शेपूट झाडलं तर वकील तिलाही "थांबा" म्हणाले. मी आपला सरळ माणूस. मी म्हणालो, "पंचा जरासा उचलला तर?"

दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी देवळात चपला घालून शिरलो असतो तरी कुणी तसं पाहिलं नसतं.

"मास्तर," वकील म्हणाले, "तुम्ही परीक्षेत मुलांना उत्तरं फळ्यावर लिहून देता का?"

मग मला शिक्षा म्हणून की काय, मागचा आस पाहून यायला सांगितलं. मी वाकून मागे मागे सरकत गेलो तो थेट गोठ्यामागच्या चिखलाच्या चरात, गुडघ्यापर्यंत. एक चप्पल अजून तिथेच आहे. पाटील म्हणाले, "घरान जा, आये पानी देल."

आये म्हणजे पाटलांची म्हातारी आई. कुमुद आधीपासूनच तिच्याजवळ बसून तांदळाची भाकरी कशी थापतात ते पाहत होती. मी पाय धुतले. म्हातारी म्हणाली, "देवाचे पाया पर बाबा, मंग भाकर खा." मी देव्हाऱ्यापुढे वाकलो आणि मान वर केली ती वरच राहिली.

कुलदेवीच्या टाकाशेजारी एक चकचकीत मुखवटा होता. सरळ नाक, रोखलेली नजर, डोक्यावर शिपायासारखा टोप. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडू. आणि मानेच्या खाली लोखंडाचा आटे पाडलेला पेच. असली देवी मी कुठल्याही जत्रेत पाहिली नव्हती.

"ही कुठली देवी, आजी?"

"मोटारीचे नाकावं बसलेली," म्हातारी अगदी सहज म्हणाली. "डायवर गेला तवा मीच काढून घरान आनली, कोन चोरल म्हनून. मंग नातवाला ताप भरला. वैद्याने हात टेकलं. मी इला पानी घातला, रातभर बसलू इचेपुरं. सकाली पोर उठून पेज मागाला लागला. तवापासून ती आमची. आता इचेपुरंच त्याचा लगीन लावाचा हाय."

मला मोटारीतलं काही कळत नसलं तरी एवढं कळलं, की हा टोपवाला मुखवटा गाडीचं नाव सांगणारी खूण होती. मंडळाच्या नियमातही बसणारी, कारण त्यावर अक्षर एकही नव्हतं. गोठ्यात जाऊन एवढंच सांगायचं, की पाणीटाकीवर टोप घातलेल्या देवीचं मुंडकं होतं. दोघांनी टाळी वाजवून नाव घेतलं असतं आणि नानासाहेबांनी माझी पाठ थोपटली असती. पण ढवळे वकिलांनी म्हटलं असतं, पुरावा दाखवा. ते पुराव्यासाठी सरळ देव्हाऱ्यात हात घालणारे गृहस्थ होते. म्हशीच्या पुढ्यात, भोकावर देवी बसवून खूण जुळते का ते पाहिलं असतं, आणि म्हातारी दारात उभी राहून बघत राहिली असती.

कुमुद माझ्याकडे पाहत होती. तिला सगळं कळलं होतं.

"सांगणार?" तिने हळूच विचारलं.

"नाही सांगितलं तर तुमचे बाबा मला आजच स्टेशनवर पोचवतील."

"हो," ती म्हणाली. "पोचवतील." आणि पुन्हा भाकरीकडे वळली. मदतही केली नाही, विरोधही केला नाही. मला तिचा राग आला आणि ती आणखी आवडली.

गोठ्यात परतलो तेव्हा दोघांचेही घसे बसले होते. नानासाहेब माझ्याकडे वळले. "मास्तर, आता तुम्ही बोला. कोणती?"

काहीही नाव घेता आलं असतं. लँचेस्टर म्हणालो असतो तर सासरे खूश, आणि माझी लबाडी गोठ्यात कुणाला कळली नसती. पण म्हातारीच्या हातची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन खोटं बोलायचं मला जमेना. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

वकिलांचा चष्मा खाली आला. "माहीत नाही? अहो, मंडळात असं कुणी बोलत नाही! चुकीचं बोला, पण बोला!" नानासाहेबांनी पाटीवरचा माझा पंचा डोळे मिटून ओढला आणि डोळे मिटूनच माझ्या हातात दिला. मी एका चपलेने बांधावरून चालत निघालो. स्थळ गेलं, असं मी धरून चाललो होतो, आणि मला फार वाईट वाटत होतं.

पुन्हा ठाणे

कल्याणला रात्र काढून ठाण्यात पोचल्यावर नानासाहेब मला मासुंदा तलावावर फिरायला घेऊन गेले. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "देव्हाऱ्यात पाहिलीत ना?"

मी दचकलो.

"मी पाणी प्यायला गेलो ते तुमच्याआधी. पाहिली आणि मटकन खाली बसलो. असली मूर्ती आयुष्यात एकदा पाहायला मिळावी म्हणून मी इतकी वर्षं त्या बाकावर बसतो आहे. आणि बाहेर येऊन काय म्हणालो? लँचेस्टर! अहो, लँचेस्टर त्या गाडीच्या वाऱ्याला उभी राहणार नाही. पण खरं नाव घेतलं असतं तर हा ढवळ्या देवी उचलून आणता." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "फार जड गेलं हो मला."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला.

"लँचेस्टरला डेमलर म्हणणाऱ्याला मुलगी द्यायची नाही, असा माझा नियम आहे," ते म्हणाले. "ओळखून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, याचा नियम मी केलेला नाही. तेव्हा तुम्ही कुमुदलाच विचारा."

परतताना आम्ही मंडळाच्या बाकापाशी थांबलो. नानासाहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्या मनाने जाहीर केलं, "ढवळे, तुम्ही जिंकलात. डेलाजच ती."

वकिलांचा चेहरा पडला. भांडायला समोर कुणी नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. "नाही नाना," ते म्हणाले, "रात्रभर विचार केला. तुमचंच बरोबर. पायरीचा उतार लँचेस्टरचाच."

"छे, छे! डेलाज!"

"लँचेस्टर!"

दोघं पुन्हा उभे राहिले. गाडीचं खरं नाव नानासाहेबांनी मला तलावाकाठी कानात सांगितलं, ते मी इथेही लिहीत नाही, कारण हे लिखाण चुकून ढवळे वकिलांच्या हाती पडलं तर म्हातारीच्या नातवाचं त्या देवीपुढे लग्न व्हायच्या आत ते बैलगाडी करून निघतील.

मी त्यांना तसंच सोडून घरी आलो. कुमुद मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर उभा राहिलो. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो होतो, म्हणून नुसतं म्हणालो, "बाबा म्हणाले, तुम्हाला विचारायला."

तिने सूप खाली ठेवलं. "वडूजला मोटारी किती आहेत?"

"एकच. भुसाराच्या व्यापाऱ्याची. ती फक्त उतारावर चालते."

"मग येते मी," ती म्हणाली.